कडावच्या वरकसावर बिनव्याजी उचल इतकी महाग का पडते?

आषाढ लागला की कर्जत तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाड्यांमध्ये एक व्यवहार होतो. त्याची नोंद कुठल्याच बँकेत नसते. वीटभट्टीचा किंवा कोळशाच्या भट्टीचा मुकादम वाडीत येतो. घरात गरज असते. तो काही हजार रुपये हातावर ठेवतो. व्याज नाही, जामीन नाही, सातबारा नाही, फोटो नाही. दिवाळीनंतर नवरा-बायकोनं भट्टीवर यायचं, एवढीच अट. या व्यवहाराला म्हणतात उचल.

इतक्या सोप्या अटींवर कर्ज देणारं एखादं ॲप असतं तर प्ले स्टोअरवर त्याला पाच स्टार मिळाले असते.

पण हे कर्ज कागदावर बिनव्याजी असलं तरी कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातलं सगळ्यात महाग कर्ज आहे. ते का, त्याला पर्याय म्हणून काय काय करून झालं, आणि बचत गट, बँक, नाचणी, गुळवेल, रानभाजी यांचा या सगळ्याशी काय संबंध, ते समजून घेऊया.

आधी नकाशा: एकच तालुका, दोन शेती

मुंबईहून सुमारे १०० किलोमीटरवर कर्जत. तिथून आत गेलं की कडाव. बाल दिगंबर गणेशाच्या मंदिरामुळे बऱ्याच जणांना हे गाव माहीत असतं. आसपासच्या गावांसाठी मात्र ती बाजारपेठ आहे. खत, बियाणं, किराणा, औषध, सगळं इथूनच.

कडावच्या आजूबाजूच्या सखल शेतांचं नशीब थोडं वेगळं आहे. घाटमाथ्यावरच्या धरणाचं पाणी टाटांच्या भिवपुरी वीजघरात येतं. १९२२ पासून तिथे वीज तयार होते आणि वापरलेलं पाणी पेज नदीत सोडलं जातं. त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात तेव्हा पेज वाहत असते. तिच्या पाण्यावर राजनाला चालतो आणि नाल्याखालच्या शेतांत उन्हाळी भातही होतो. कर्जतलाच भात संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’, ‘कर्जत-१८४’ ही वाणं इथलीच.

आता मान वर करून डोंगराकडे बघा. खांडस, नांदगाव, पाथरज, मोग्रज, ओलमण या बाजूला आणि तिकडे खालापुरात उतारावर ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. इथली जमीन वरकस. म्हणजे उताराची, मुरमाड, पाणी न धरणारी. तिच्यावर नाचणी, वरी, खुरासणी, तूर, उडीद होतात. पावसावर एकच पीक. काही वर्षं पीक घ्यायचं आणि मग जमीन पड टाकायची, ही जुनी रीत. राजनाल्याचं पाणी इथे चढत नाही.

सखल शेतकऱ्याला वर्षात दोनदा पैसे दिसतात. वरकसवाल्याला एकदाच. बाकीची सगळी गोष्ट यातूनच निघते.

पैसा नेमका कधी लागतो?

मी इंजिनीअरिंग शिकलो, त्यामुळे कुठलाही प्रश्न आला की आधी आलेख काढायची खोड आहे. वरकसावरच्या घराचा आलेख काढला तर तो असा दिसतो.

आखाजीनंतर भट्टीवरून माणसं परततात. जूनमध्ये बियाणं, घरावर टाकायला प्लॅस्टिक, शाळेचं सामान. जुलै-ऑगस्टमध्ये ताप, जुलाब, दवाखाना. खर्चाची रेघ इथे सगळ्यात वर असते. याच काळात घरातलं धान्य संपलेलं असतं आणि नाचणी अजून हिरवी असते. पीक हातात येतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे खर्च आणि उत्पन्न यांच्यात चार-पाच महिन्यांची दरी.

एकेकाळी ही दरी भाताची होती. पावसाळ्यात सावकाराकडून भात उचलायचं आणि सुगीला सवाई किंवा दिढीनं परत करायचं. सवाई म्हणजे मणाला सव्वा मण, दिढी म्हणजे मणाला दीड मण. ऐकायला २५ आणि ५० टक्के वाटतं. पण ही वाढ वर्षाची नसून चार महिन्यांची असते. वर्षाच्या हिशेबात मांडलं तर सवाई होते ७५ टक्के आणि दिढी १५० टक्के.

आज रेशनचं धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो. त्यामुळे भाताची दरी पुष्कळ कमी झाली. आता दरी रोखीची आहे. दवाखाना, वडापचं भाडं, मोबाइलचं रिचार्ज रेशनवर मिळत नाही.

बिनव्याजी उचलीचा हिशेब

समजा जुलैत एका घराला १०,००० रुपये हवेत.

खासगी सावकार दहा टक्के महिना घेत असेल, तर पाच महिन्यांचं व्याज ५,००० रुपये. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ प्रमाणे परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. दहा टक्के महिना हे सरळसरळ बेकायदा आहे. पण तक्रार करायची म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं दार बंद करून घ्यायचं.

बचत गटातून दोन टक्के महिना दरानं घेतले तर व्याज १,००० रुपये.

आणि उचल? व्याज शून्य. पण भट्टीवर मजुरी हजारी विटांच्या दरानं ठरते आणि ज्यानं उचल घेतली त्याला दर ठरवायचा अधिकार उरत नाही. समजा त्याला हजारामागे बाजारभावापेक्षा फक्त १५० रुपये कमी मिळाले. जोडप्यानं दिवसाला ८०० विटा पाडल्या आणि १२० दिवस काम केलं, तर विटा झाल्या ९६,०००. तुटलेली मजुरी ९६ गुणिले १५०, म्हणजे १४,४०० रुपये. दहा हजारांवर. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पण दर थोडा कमीजास्त करून बघा, उत्तराची दिशा बदलत नाही.

यात पोरांची बुडालेली शाळा धरलेली नाही. हंगाम संपताना हिशेब ‘फिटला नाही’ म्हणून पुढच्या वर्षावर गेलेली बाकीही धरलेली नाही. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. तरीही या पट्ट्यातल्या, ठाणे-पालघरच्या कातकरी कुटुंबांची भट्ट्यांवरून सुटका झाल्याच्या बातम्या आम्ही डेस्कवर वर्षानुवर्षं लावत आलो आहोत. बातमी सुटकेच्या दिवशी येते. ज्या दिवशी उचल घेतली जाते, त्या दिवशी बातमी नसते.

यावर उपाय कुणी शोधलाच नव्हता का?

शोधला होता, आणि तोही इथेच.

माथेरानला १९१२ मध्ये जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे हुतात्मा भाई कोतवाल. त्यांचा आझाद दस्ता आणि त्यांनी पाडलेले वीजवाहिन्यांचे मनोरे शाळेच्या पुस्तकामुळे अनेकांना माहीत असतात. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आलं. पण भूमिगत होण्याआधी या वकिलानं डोंगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या आणि सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी धान्यकोठी उभारली. कल्पना साधी: सुगीला सगळ्यांनी थोडं धान्य कोठीत घालायचं, पावसाळ्यात ज्याला लागेल त्यानं न्यायचं आणि पीक आल्यावर माफक वाढीनं परत करायचं. वाढ गावाच्याच कोठीत राहते.

नंतरच्या काळात कडावपासून जवळच असलेल्या कशेळ्याच्या ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेनं कर्जतच्या आदिवासी वाड्यांमध्ये धान्य बँका सुरू केल्या. तत्त्व तेच. केंद्र सरकारनं १९९६-९७ मध्ये ग्राम धान्य बँक योजना आणली. राज्यात आदिवासी विकास महामंडळामार्फत १९७८ पासून पावसाळ्यासाठी खावटी कर्ज दिलं जायचं. ते २०१३ नंतर थांबलं. कोविडमध्ये, २०२० साली, त्याचं अनुदान झालं: कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे किराणा-धान्याच्या रूपात.

या यादीत मला भाई कोतवालांची कोठी सगळ्यात हुशार वाटते. खावटी वरून येते. फाईल थांबली की तीही थांबते. कोठी वाडीची असते. पण कोठीलाही एक मर्यादा आहे आणि ती आजच्या बचत गटालाही जशीच्या तशी लागू पडते.

बचत गट असूनही पैसा का पुरत नाही?

गटाचं गणित बघा. दहा बाया, प्रत्येकी महिन्याला १०० रुपये बचत. वर्षाला १२,००० रुपये जमतात. ‘उमेद’, म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, नियमित चालणाऱ्या गटाला फिरता निधी देतं. राज्यानं २०२३ मध्ये तो १५,००० वरून ३०,००० रुपये केला. झाले ४२,०००.

शहरातल्या गटात हे चालून जातं. मार्चमध्ये एकीला फी भरायची असते, मेमध्ये दुसरीकडे लग्न असतं, ऑगस्टमध्ये तिसरीला शिलाई मशीन हवं असतं. एकीची परतफेड दुसरीचं कर्ज बनते.

वरकसावरच्या वाडीत दहाही जणींना पैसे जूनच्या त्याच पंधरवड्यात हवे असतात. प्रत्येकीला पाच हजार धरले तरी ५०,००० लागतात. गटाकडे ४२,००० आहेत. ज्या दोघींना नाही म्हटलं जातं, त्यांच्या दाराशी मुकादम उभा असतो. बरं, पाऊस दगा देतो तोही दहाही जणींना एकाच वेळी. मग परतफेडही एकदमच अडते. बायांना शिस्त नाही म्हणून गट बुडाला, असं आपण सहज म्हणतो. अनेकदा सगळ्यांचा हंगाम एकच असणं हे त्यामागचं कारण असतं.

म्हणून वाडीच्या बाहेरचा पैसा, ज्याचा हंगाम वेगळा आहे असा पैसा, गटात यावा लागतो. तो म्हणजे बँकेचा.

बँकेचा नियम काय सांगतो?

नाबार्डनं १९९२ मध्ये ५०० गटांपासून गट-बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला. आज त्याचे नियम बरेच स्पष्ट आहेत, आणि ते वाचले तर गटाच्या बाजूचे आहेत.

गट किमान सहा महिने नियमित चालू हवा. पंचसूत्री पाळलेली हवी: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. मग पहिलं कर्ज गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा दीड लाख रुपये, यांपैकी जास्त असेल ते. १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, गटाच्या बचत खात्यावर टाचही आणायची नाही. तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज सवलतीसह दर ७ टक्के.

दीड लाख भागिले दहा, म्हणजे बाईमागे १५,०००. वरचा सगळा तिढा या एका आकड्यात सुटतो. निदान कागदावर.

आता जमिनीवर काय होतं? पहिली गोष्ट तारखेची. बँकांची उद्दिष्टं आर्थिक वर्षावर बांधलेली असतात, त्यामुळे मंजुरीची घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसते. तेव्हा निम्मी वाडी भट्टीवर असते. सही करायला अध्यक्षा हजर नसते. जूनमध्ये गरज असते तेव्हा शाखेत पीककर्जाची गर्दी असते.

दुसरी गोष्ट कर्जाच्या प्रकाराची, आणि ही गटांनी नीट लक्षात ठेवावी अशी आहे. गटाला मुदत कर्ज घेता येतं, तसंच कॅश क्रेडिटही. मुदत कर्जात सगळी रक्कम एकदम हातात येते आणि हप्ते लगेच सुरू होतात. कॅश क्रेडिटमध्ये मर्यादा मंजूर होते. लागेल तेव्हा काढायचे, आले की भरायचे, वापरले तेवढ्यावरच व्याज. जूनमध्ये काढून नोव्हेंबरात भरणाऱ्या वाडीला दुसरा प्रकार चपखल बसतो. मुदत कर्जच घेतलं, तरी हप्ता मासिकऐवजी तिमाही ठेवण्याची सोय आहे. शाखेत हे विचारावं लागतं. आपणहून कुणी सांगेल याची खात्री नाही.

खासगी मायक्रोफायनान्स कंपन्या या बाबतीत चपळ. त्या दारात येतात. पण व्याजदर साधारण वीस टक्क्यांच्या पुढे आणि हप्ता आठवड्याचा, पंधरवड्याचा किंवा महिन्याचा. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम सगळ्या कर्जांच्या हप्त्यांत जाता कामा नये. ज्या घराचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं, त्याचं ‘महिन्याचं उत्पन्न’ म्हणजे काय? वर्षाला बारानं भागून आलेला आकडा. ऑगस्टमध्ये तो आकडा घरात नसतो.

मग पीककर्ज का घेत नाहीत?

राज्यात वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं. दोन लाखांपर्यंत जमीन गहाण ठेवावी लागत नाही. हे ऐकून वाटतं, प्रश्नच संपला.

फक्त सातबारा लागतो.

वरकसावरच्या कित्येक कुटुंबांचं घोडं इथेच अडतं. कुणाची जमीन आजोबांच्या नावावर आहे आणि वारस सोळा. कुणी वनजमीन कसतो. आणि रायगडचा खास प्रकार म्हणजे दळी. इंग्रज अमलात डोंगरउतारावरचे वनजमिनीचे तुकडे ठाकर-कातकऱ्यांच्या गटांना कसायला दिले गेले, ते दळीचे प्लॉट. गटातल्या प्रमुखाच्या नावावर नोंद आणि कसणारी घरं अनेक. पिढ्या बदलल्या, वाटण्या तोंडी झाल्या आणि कागद तिथेच राहिला.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं यावर मार्ग काढला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. तो वारसाला जातो, पण विकता येत नाही. विकता येत नाही म्हणून बँक कर्ज देणार नाही, असं गावात बऱ्याचदा ऐकवलं जातं. ते अर्धसत्य आहे. जमीन तारण ठेवून मोठं कर्ज मिळणार नाही, हे खरं. पण ज्या रकमेला जमीन गहाणच लागत नाही, त्या रकमेसाठी जमीन विकता येते की नाही हा प्रश्न कशासाठी?

आणि विकता न येणं हे इथे चांगलंच आहे, असं माझं मत. कर्जतमध्ये डोंगर दिसणाऱ्या प्रत्येक उताराला फार्महाऊसचं गिऱ्हाईक आहे. वरकस एकरावर नाचणी किती पिकते हे विचारणाऱ्यांपेक्षा, त्यावर बंगला बसेल का हे विचारणारे जास्त. आदिवासींच्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चं संरक्षण आहे. वरकस कसणाऱ्या बिगरआदिवासी कुणबी, आगरी शेतकऱ्याला ते नाही. एका पावसाळ्याची अडचण त्याच्या बाबतीत थेट साठेखतापर्यंत जाऊ शकते.

एक छोटी गोष्ट, पण महत्त्वाची: ई-पीक पाहणी. सातबाऱ्यावर नाचणीची नोंद नसेल तर हमीभावाला विकताना अडतं. नोंद मोबाइल ॲपवरून, शेतात उभं राहून करायची. वरकसावर रेंज शोधत फिरणं हा एक स्वतंत्र खेळ आहे.

नाचणी स्वस्त पीक आहे, हा गैरसमज

२०२५-२६ चे केंद्राचे हमीभाव बघा. साधं भात क्विंटलला २,३६९ रुपये. नाचणी ४,८८६. खुरासणी ९,५३७. म्हणजे ज्या पिकांना आपण ‘गरिबाचं’ म्हणतो, त्यांचा जाहीर भाव भाताच्या दुप्पट आणि चौपट आहे. भातासाठी नाला, वाण, खत, संशोधन केंद्र सगळं जवळ आहे. दापोलीच्या विद्यापीठानं नाचणीची ‘दापोली-१’सारखी वाणं दिली आहेत, तीही वापरात यायला हवीत.

पण हमीभाव जाहीर झाला म्हणून खरेदी केंद्र वाडीच्या पायथ्याशी येत नाही. वाडीतलं पीक म्हणजे घराघरात एक-दोन गोणी. त्या विकायला कुणी टेम्पो करणार नाही. दुकानदाराकडे उधारी असते, नाचणी त्याच्याकडेच जाते, भाव तोच सांगतो.

वरीचं तर आणखी मजेशीर. शहरात उपवासाला ती भगर म्हणून चांगल्या भावात विकली जाते. तिचं टरफल काढायला खास गिरणी लागते आणि अशा गिरण्या एकवटल्या आहेत नाशिककडे. डोंगरावर वरी पिकवणारा ती टरफलासकट विकतो.

इथे गावउद्योगाला जागा आहे, आणि ती चकचकीत पाकिटांच्या आधी, मळणीपाशी आहे. नाचणी झोडपणं, पाखडणं, कांडणं ही कामं बायांच्या अंगावर पडतात. पीक कमी होण्याचं एक कारण हे कष्टही आहेत. एक मळणी यंत्र ग्रामसंघानं घेतलं आणि वाड्यांना भाड्यानं दिलं, तर पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक तयार असतं. पीठ, लाडू, पापड ही पुढची पायरी. तिच्यासाठी पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. गटातल्या प्रत्येक सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल, गटाला जास्तीत जास्त ४ लाख.

बहुतेक गट मात्र थेट लोणचं-पापडापासून सुरुवात करतात. प्रदर्शनात तीन दिवस विक्री होते. चौथ्या दिवशी काय, हे कुणी सांगत नाही.

शहापूरचं उदाहरण

शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूरमध्ये, कातकरी तरुणांनी गुळवेलीचा धंदा उभा केला. रानातली गुळवेल गोळा करायची, तुकडे करून वाळवायची, एकत्र साठवायची आणि औषध कंपन्यांना घाऊक द्यायची. केंद्राच्या वन धन योजनेची मदत मिळाली. या योजनेत साधारण १५ गट, ३०० सदस्य मिळून एक केंद्र होतं आणि त्याला १५ लाखांपर्यंत निधी मिळतो. कोविडच्या काळात गुळवेलीची मागणी वाढली आणि शहापूरच्या संस्थेला मोठ्या कंपन्यांकडून ३५० टनांची, १ कोटी ५७ लाखांची मागणी आली.

भागाकार करा: किलोला सुमारे ४५ रुपये. म्हणजे वस्तू काही सोन्याची नव्हती. घडलं ते तीन कारणांनी. माल वाळवला, म्हणजे टिकला. एकत्र केला, म्हणजे ट्रक भरला. आणि गोळा करणाऱ्याला लगेच पैसे द्यायला खेळतं भांडवल होतं. हे तिसरं कारण यशोगाथांमध्ये सहसा येत नाही. कंपनीचे पैसे महिन्या-दोन महिन्यांनी येतात. वेल आणणाऱ्याला संध्याकाळी पैसे हवे असतात. मधले साठ दिवस कोण सांभाळणार? नाहीतर तो माल व्यापाऱ्याला देतो आणि संस्था कागदावर उरते.

आणि रानभाजी

आलेख पुन्हा आठवा. जून ते ऑगस्ट खर्च वर, उत्पन्न तळाला. याच दिवसांत रानात शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली येतात. नेरळ-कर्जतच्या बाया पहाटेच्या लोकलनं डोक्यावर भारे घेऊन कल्याण, डोंबिवली, दादरला जातात. सकाळी भाजी, दुपारी रोख. उचल घ्यायची वेळ येते नेमक्या त्याच आठवड्यांत.

९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. चांगलंच आहे. पण भाजी जूनपासून येत असते आणि तिची अडचण रोजची आहे: वाडीपासून स्टेशनपर्यंतचं वाहन, भारा ठेवायला जागा, फलाटावर हुसकावणं. पहाटे पाचला वाडीतून निघणारा एक टेम्पो, ग्रामसंघाच्या निधीतून, हे या पट्ट्यातलं सगळ्यात जास्त परतावा देणारं कर्ज ठरू शकतं. खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या पावसाळी पर्यटकांना घरगुती जेवण देणाऱ्या बायांचंही तसंच. तो पैसाही पावसाळ्यातच येतो.

नाबार्डच्या ‘वाडी’ योजनेसारखी एक एकर आंबा-काजूची बागही इथे होऊ शकते. मात्र ती फळायला चार-पाच वर्षं लागतात आणि मधली वर्षं जर माणूस भट्टीवर गेला तर रोपांना पाणी कोण घालणार?

गट करायचा असेल तर

कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. बाकी दोन कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्या वाड्या लहान, कधी आठ घरं, कधी बारा. ‘दहा बाया जमत नाहीत म्हणून तुमचा गट होणार नाही’, असं उत्तर मिळालं, तर ते चूक आहे. सर्वसाधारण गटाला १० ते २० सदस्य लागतात, पण डोंगराळ आणि आदिवासी भागात पाच सदस्यांचाही गट होतो.

आणि सुरुवात डिसेंबरात करा. भट्टीवर न गेलेल्या पाच जणी असतील तरी चालेल. सहा महिने मोजले की जून येतो.